काचेतलं जेवण

या शहरात दुपारच्या जेवणाला सगळ्यात भारी जागा कुठली, ते मला विचारा. हॉटेलवाल्यांना विचारू नका, ते स्वतःचंच घोडं पुढे दामटणार.

मी डायनिंग टेबलं बसवतो. शोरूममधून सुटे भाग न्यायचे, गिऱ्हाइकाच्या घरी जोडायचे. आता टेबल पक्कं बसलं का, हे नुसतं हलवून कळत नाही. त्यावर जेवावं लागतं. कोपरं टेकली, ग्लास आपटला, घास मोडायला जोर लावला की रडकं टेबल रडतंच. म्हणून आम्ही सगळे फिटर घरमालकाला विचारून पहिला डबा तिथेच उघडतो. विसाव्या मजल्यावर जेवलोय मी, खाली अख्खं शहर मुंग्यांसारखं. एका बंगल्यात खुर्च्याच आल्या नव्हत्या, तर टेबलाभोवती उभ्याने गोल फिरत जेवलो. मालक हसून हसून खाली बसला.

मग आमच्यावर नवा मॅनेजर आला. त्याच्या शर्टाला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नाही, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं इस्त्री. आल्या आल्या त्याने भिंतीवर कागद डकवला: ग्राहकाच्या टेबलावर जेवाल तर घरी जाल. जेवायचं ते टेम्पोत. टेम्पो उन्हात तापलेला, आत पॉलिशचा भपकारा. काहीही खा, चव गोंदाचीच.

मी एकटा असतो तर तो कागद कधीच धाब्यावर बसवला असता. पण माझ्या जोडीला माझा मेहुणा. नोकरीत अजून कच्चा, पक्का व्हायला सही इस्त्रीची. बायकोने मला दम भरला होता, "माझ्या भावाला तुमच्या चाळ्यांत ओढलंत तर याद राखा!"

तरी व्हायचं ते झालंच. एका आजींकडे टेबल जोडलं, तर आजीच अडून बसल्या. "टेम्पोत कसले जेवता? माणसं आहात की सामान? बसा गुमान." बसलो. मेहुण्याने दोन घास घेतले नाहीत तोच दारात इस्त्री! तपासणीला आलेला. मला काही बोलला नाही, मी जुनं खोड. मेहुण्यालाच धरला.

"उद्या दुपारी शोरूमवर सगळ्या फिटरांसमोर माफी मागायची. नाहीतर परवापासून येऊ नकोस."

मेहुण्याने अर्धा डबा तसाच बंद केला. आजी इस्त्रीला म्हणाल्या, "तुम्हाला घरी कुणी जेवायला वाढत नाही का हो?" पण तेवढ्याने काय होणार?

त्या दिवशी घरी माझं ताट आपटूनच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे फिटर शोरूमवर गोळा झाले. इस्त्री मधोमध उभा. आणि रस्त्याकडच्या मोठ्या काचेत ठेवलेलं नवं कोरं, लांबलचक टेबल, खुर्च्यांसकट. मी सरळ तिथे जाऊन बसलो, डबा उघडला.

"ए! काय चाललंय?"

"जेवतोय साहेब. कागदावर ग्राहकाचं टेबल लिहिलंय. हे अजून कुणी घेतलंय कुठे?"

टेम्पोचा ड्रायव्हर हसत माझ्या शेजारी टेकला. मग एकेक करत सगळेच. झाकणं खडखडली. बाहेर रस्त्यावर लोक थबकले. एका बाईने काचेवर टकटक करून खुणेने विचारलं, काय केलंय आज?

उभे राहिले फक्त मेहुणा आणि इस्त्री.

"माग माफी," इस्त्री म्हणाला.

मेहुण्याचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. डोळा मारला असता तर तो माझा चाळा झाला असता.

"साहेब," तो म्हणाला, "आजींनी बसा म्हटलं, म्हणून बसलो. चोरी नाही केली. माफी कशाची?" आणि रिकामी खुर्ची ओढून बसला.

"संपली तुझी नोकरी!"

"बरं झालं," ड्रायव्हर तोंडातल्या घासासकट बोलला. "आमचीपण संपवा. दुपारचा माल तुम्ही पोचवा. तिसऱ्या मजल्यावर चढवायचं संगमरवरी टेबल आहे, लिफ्ट बंद आहे. शर्ट तेवढा जपा."

काचेबाहेरची गर्दी वाढली होती. इस्त्रीने एकदा तिकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. मेहुण्याने डबा उघडला. मी पाणी पुढे सरकवलं.

"दाजी, ताई मारणार मला."

"आधी मला मारेल. जेव तू."

थोड्या वेळाने दार उघडलं. दुपारच्या मालाच्या चिठ्ठ्या घेऊन इस्त्री आला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. वरच्याच चिठ्ठीवर आमच्या जोडीचं नाव होतं, माझं आणि मेहुण्याचंही. ती त्याने मेहुण्यासमोर धरली.

मेहुणा उठला नाही. "ठेवा तिथे, साहेब," तो म्हणाला. "हात खरकटे आहेत."