रिकाम्या तळहाताचा पेशा

मी कथलाचा एक पुतळा बोलतो आहे. उंचीने तुमच्या करंगळीएवढा, डोक्यावरून ओढलेला झगा, डावा पाय पुढे टाकलेला आणि उजवा हात समोर पसरलेला. त्या हातात काहीही नाही. माझी सारी कथा याच रिकामपणाची असल्यामुळे तो आधीच सांगून टाकलेला बरा.

माझ्या जन्माविषयी मला फारसे ठाऊक नाही. साच्यात अंधार असतो. वितळलेले कथील ओतले गेले, निवले आणि मी झालो. माझ्याबरोबर जन्मलेल्यांच्या हातांत तलवारी होत्या, दंड होते, औषधांच्या कुप्या होत्या. माझ्याच हातात काही का नव्हते? धातू तेथवर पोहोचला नाही, की घडवणाऱ्याच्या मनात काही निराळे होते? हे मला कुणी सांगितले नाही. दुकानदाराने मात्र मला सदोष ठरवले आणि दाराजवळच्या टोपलीत टाकले. तेथे मी मोडक्या घोड्यांच्या आणि शेपटी तुटलेल्या राक्षसांच्या संगतीत पडून होतो.

एके दिवशी त्या टोपलीत एक सुरकुतलेला हात शिरला. तो मामांचा होता.

"तो घेऊ नका, काका," दुकानदार म्हणाला, "त्याचं हत्यार तुटलंय."

"तुटलंय कशावरून?" मामा म्हणाले. "अजून मिळालं नसेल."

एवढे बोलून त्यांनी आपल्या तर्जनीचे टोक माझ्या पसरलेल्या तळहातावर टेकवले. मी कोणाच्या तरी मालकीचा झालो तो त्या क्षणी.

मामांचे आयुष्य रुग्णवाहिका चालवण्यात गेले होते. निवृत्तीनंतर दर रविवारी दुपारी ते आपल्या भाचीकडे, अक्काकडे, खेळायला येत. अक्का दातांच्या कवळ्या घडवत असे. तिच्या घरातल्या मोठ्या मेजाच्या एका टोकाला मेण, प्लास्टर आणि केसाएवढ्या बारीक टोकाचे कुंचले असत. उरलेल्या मेजावर खेळ मांडला जाई. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि सूत्रधार अक्काने सांगितलेल्या गोष्टीत शिरायचे. गुहा येते, पूर येतो, राक्षस येतो. काय करायचे ते खेळणारा ठरवतो आणि ते साधले की फसले, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्राला पेशा असावाच लागतो. नियमांच्या पुस्तकात चार पेशे होते : योद्धा, मांत्रिक, चोर आणि वैद्य.

अक्काचा भाऊ बाळू लिफ्ट दुरुस्त करत असे आणि खेळात योद्धा असे. त्याची बायको, जिला घरात सगळे 'धाकटी' म्हणत, शिवणकाम करी आणि खेळात चोर असे. मामा वैद्य होते. पण मी त्या मेजावर आलो, त्याच्या थोडेच आधी त्यांचा वैद्य मेला होता. गुहा कोसळत होती, सगळे बाहेर पळाले होते, बाळूचा योद्धा आत पडला होता. मामा त्याच्यासाठी मागे फिरले. फासा उलटा पडला. बाळू कसाबसा वाचला आणि वैद्याचा पुतळा कपाटातल्या काचेच्या बरणीत गेला. मेलेल्या पात्रांची जागा तीच होती.

"दुसरा वैद्य घे ना," अक्का म्हणाली होती.

"नको. मी वैद्य नव्हतोच कधी. वैद्य दवाखान्यात असायचे. मी नुसता आणायचो," मामा म्हणाले. "मला आणणाऱ्याचा पेशा हवा."

तसा पेशा पुस्तकात नव्हता. परंतु खेळाचे नवे पुस्तक निघणार होते आणि त्यात तीन नवे पेशे असतील, एवढे प्रकाशकांनी जाहीर केले होते. कोणते, ते सांगितले नव्हते. मग काय विचारता! दर रविवारी खेळाआधी तर्कांची आतषबाजी सुरू झाली.

"एक तर जनावरं पाळणारा असणार," बाळू म्हणे. "मी वाघ पाळणार."

"घरातलं मांजर तुम्हाला जुमानत नाही," धाकटी म्हणे. "गुप्तहेर असेल बघा. नाहीतर विष बनवणारी. मला शोभेल."

"ते आम्ही रोजच्या आमटीवरून ओळखलंय."

"मग आजपासून स्वयंपाक वाघाकडे!"

"बाजारात तुरी!" अक्का कुंचला धुता धुता करवादे. "पुस्तक आलेलं नाही आणि तुम्ही भांडताय."

मामा या गदारोळात फारसे बोलत नसत. ते मला पुढ्यात ठेवत, तर्जनी माझ्या तळहातावर टेकवत आणि शेवटी हळूच म्हणत, "तिसरा माझा असेल." ते बोट ऊबदार असे. माणसे विचार करताना काहीतरी हातात धरतात, हे मी पाहिले आहे : बाळू फासा, धाकटी सुई. मामांनी मला धरले होते, आणि मला वाटे की या मनुष्याच्या तर्कातूनच एक दिवस माझा अर्थ निघेल.

तोवर मी बिनरंगाचा होतो. पेशा ठरल्यावाचून पुतळा रंगवायचा नाही, अशी अक्काची शिस्त होती : योद्ध्याला तांबडा, मांत्रिकाला निळा, चोराला राखी, वैद्याला हिरवा. कोपऱ्यातल्या त्या इवल्या बाटल्यांकडे पाहताना मला कसे होई, ते कसे सांगू? वाढदिवसाला सगळ्या भावंडांना नवे कपडे शिवून यावेत आणि एकाचेच माप राहून जावे, तसे.

एकदा मामांनी विचारलेच. "अक्का, पुस्तकात नसला, तर आपण बनवू या का?"

"पुस्तकात नाही ते मेजावर नाही," अक्का म्हणाली. "आज तुला दिला, तर उद्या बाळू उडणारा हत्ती मागेल."

"मागणारच होतो," बाळू म्हणाला.

मामा हसले, पण त्यांचे बोट माझ्या तळहातावरून निघाले नाही. अक्काने ते पाहिले. कवळी जराही सैल बसली तर माणसाला जेवता येत नाही, हे जाणणारी ती बाई. नियम सैल करणे तिला जमत नसे.

पुस्तक लांबत गेले. मामांच्या गुडघ्यांनी जिने चढणे सोडले. अखेर समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीने त्यांना बोलावून घेतले. तिचे घर तळमजल्यावर होते. निघण्याच्या दिवशी ते जिन्याच्या पायथ्याशीच थांबले आणि अक्का खाली गेली. त्यांनी मला खिशातून काढून तिच्या हातावर ठेवले.

"पुस्तक आलं की बघ, ह्याचं काही आहे का," ते म्हणाले.

"बघते," अक्का म्हणाली.

त्यानंतरचे रविवार लांबच लांब गेले. मामांच्या कपाचे वर्तुळ मेजावर उमटलेले होते. अक्काने मला त्यात उभे केले. मी सगळे ऐकत असे. पण माझ्या तळहाताला ऊब नव्हती.

अखेर पुस्तक आले. अक्काने टपालाने आलेले वेष्टन फोडले आणि कामाच्या दिव्याखाली ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. मी शेजारीच होतो. तीन नवे पेशे होते : पशुपालक, नावाडी आणि शाप देणारा. ती पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचले. मग तिने पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत बसली.

रविवारी साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये मामांचा चेहरा दिसला. तो पूर्वीपेक्षा बारीक झाला होता.

"मामा, वाघ मिळाला!" बाळू ओरडला.

"अभिनंदन. आता बायकोला जप," मामा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "अक्का, आणि तिसरा?"

बाळू खाली पाहू लागला. धाकटीने दोरा ओवलेला नसतानाच सुई कापडात खुपसली. अक्काने पुस्तक उघडले.

"वाचते," ती म्हणाली. "'सोबती. या पेशाचा मनुष्य शस्त्र धारण करत नाही. त्याचा उजवा हात रिकामा असतो. कारण तो दुसऱ्याला धरण्यासाठी असतो. बरोबरचा कोणी पडला आणि सर्वांनी पाठ फिरवली, तर सोबत्याला एक फेरी अधिक मिळते. ही फेरी केवळ मागे जाण्यासाठी वापरता येते.'"

मी मेजावर अगदी जवळ उभा होतो. उघडलेल्या पानावर दोर, कंदील आणि खोगिरे यांची यादी होती. बाळू वाकून पाहू लागला, तोच धाकटीने मेजाखाली त्याचा पाय दाबला.

"आणि फासा?" मामांनी विचारले.

"'फासा टाकावा लागत नाही.'" अक्काने पानावरची नजर न उचलता वाक्य पूर्ण केले.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पान कितवं?"

आयुष्यात एकही नियम न वाकवणाऱ्या त्या बाईने तोंड उघडले आणि मिटले.

"राहू दे," मामा म्हणाले. "भाषा चांगली आहे. लिहिणाऱ्याला माझा निरोप सांग."

"सांगते."

"एक शंका आहे फक्त. मागे म्हणजे, किती मागे जाता येतं?"

अक्काने कपाटातल्या बरणीकडे पाहिले, जिन्याच्या दाराकडे पाहिले. "मर्यादा लिहिलेली नाही, मामा."

मग तिने मला फोनसमोर धरले. "ह्याला तुझ्याकडे पाठवून देऊ का?"

त्या क्षणी मला काय वाटले, ते विचारू नका. त्या बोटापाशी जाण्यावाचून मी दुसरे काही मागितलेच नव्हते.

मामांनी बराच वेळ मला न्याहाळले. "नको," ते म्हणाले. "इथं मी एकटा. इथं तो कुणाला आणणार? तिथंच असू दे. माझी जागा अडवून ठेवेल."

अक्काने दुसऱ्याच दिवशी मला रंगवले. चार पेशांचे चारही रंग तिने बाजूला सारले आणि दातांसाठी ठेवलेल्या पांढऱ्याच्या अनेक छटांतून रुग्णवाहिकेचा पांढरा निवडला. झगा रंगवला, चेहरा रंगवला, पावले रंगवली. तळहाताजवळ येऊन मात्र कुंचला थांबला. तेथे मामांच्या बोटाने कथील झिजून चकचकीत झाले होते. तेवढी जागा तिने तशीच ठेवली.

आता दर रविवारी मामा पलीकडून सांगतात आणि बाळू आपल्या राठ बोटांनी मला पुढे सरकवतो. बरणीतला वैद्य मी परत आणला आहे. पडलेल्या प्रत्येकाला मी आणतो. ज्याला आणावेसे वाटते, तो तेवढा माझ्या फेरीच्या पलीकडे राहतो.

तुम्ही कधी या घरी आलात, तर कपाच्या वर्तुळात उभा असलेला पांढरा पुतळा तुम्हाला दिसेल. त्याचा हात रिकामा पाहून कोणी तलवार बसवायला निघाले, तर कृपा करून थांबवा. ती जागा रिकामी नाही. तेथे एका मनुष्याचे बोट यायचे आहे.