शंभरपैकी शंभर मिळालेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. माझ्यावर डोंगर किंवा नद्या नाहीत. चौकोन आणि बाण आहेत. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फवारणीचे पंप बनतात. पंप कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, ते मी दाखवतो.

मला कुणी हाताने काढले नाही. प्रत्येक टेबलावर पंपाचा क्रमांक आणि वेळ संगणकात नोंदवतात. अधूनमधून येऊन संगणकाचे काम पाहणाऱ्या वसुंधराताईंनी वर्षभराच्या नोंदी संगणकाला दिल्या आणि त्याने त्यांतून मला शोधून काढले. मग माझी परीक्षा झाली. प्रश्न एकच होता: नोंदींमधला प्रत्येक पंप माझ्या बाणांवरून शेवटपर्यंत जातो का? सगळे गेले. मला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. मालक जितेंद्रसाहेबांनी मला चौकटीत घालून भिंतीवर लावले. मी किती फुगलो होतो, ते आठवले की आज मान वर करवत नाही.

माझ्यावर एक बाण होता. तो जोडणीच्या टेबलावरून निघून, गळती-तपासणीला वळसा घालून, थेट पॅकिंगला जात होता. त्याच महिन्यात दोन गळके पंप परत आले. साहेबांनी त्या बाणावर बोट ठेवले आणि तपासणीच्या रेजिनाबाईंना बोलावले.

“बाई, न तपासता पंप पुढे जातात?”

“नाय साहेब. बावीस वर्षं झाली. माझ्या टाकीत बुडाल्याशिवाय एक पन पंप गेला नाय.”

“मग कॉम्प्युटर खोटं बोलतो?”

“बानांतलं मला कळत नाय. पान्यातले बुडबुडे कळतात.”

साहेबांनी त्यांना टाकीवरून हलवले. दुसऱ्या दिवसापासून त्या पॅकिंगला खोकी चिकटवू लागल्या. “काय रेजिना, पाण्याला घाबरलीस?” शेजारच्या श्रीपतभाऊंनी चिडवले. “तू आंघोळीला घाबरतोस तेवढी नाय,” त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी वसुंधराताई आल्या आणि त्यांनी हे ऐकले. त्या नोंदींपाशी बसल्या. अकरा हजार पंपांपैकी त्या बाणावरून एकही गेला नव्हता. परत आलेले दोन्ही पंपही तपासलेले होते. त्यांचे रबर नंतर फाटले होते.

“मग बाण आला कुठून?” साहेबांनी विचारले.

“रेजिनाबाईंच्या काळजीतून. शंका आली की त्या पंप दुसऱ्यांदा बुडवतात, कधी तिसऱ्यांदा. ते सगळं सामावून घ्यायला नकाशाने ‘तपासणी कितीही वेळा’ असं धरलं. त्यात शून्य वेळाही आलं, म्हणजेच हा बाण. घडलं त्यापेक्षा नकाशा किती जास्त वाटा दाखवतो, हेही मोजायचं असतं. मी ते मोजलं नाही.”

साहेबांनी सर्वांसमोर माफी मागितली. रेजिनाबाई टाकीपाशी परतल्या. मला उतरवून तिथल्याच कपाटाला टेकवले आहे. इथून मला दिसते: एखादा पंप पाहून त्यांचा हात पुन्हा पाण्याकडे जातो, थबकतो, आणि पंप पुढे सरकवतो. आता त्या प्रत्येक पंप एकदाच बुडवतात.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी कुणाबद्दल असा नीटनेटका कागद येईल. तो किती खरे सांगतो, हे मोजा. जे घडलेच नाही असे तो किती सांगतो, तेही मोजा. आणि हे सारे त्या माणसाला जाब विचारण्याआधी मोजा.