दहीभाताचा घास

जगन्नाथने डबा उघडला आणि दहीभाताचा एक घास पांढऱ्या खारट जमिनीवर ठेवला. मग दोन पावलं मागे सरून त्याने हात जोडले.

आज त्याच्या बायकोचं, सुलेखाचं वर्षश्राद्ध होतं. त्याचा स्वतःचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. आयुष्य ग्रंथपालाच्या खुर्चीत गेलं होतं. पण सुलेखाचा होता. समोर परदेशातलं हे खारं मोनो सरोवर पसरलं होतं. काठाशी हिरवट, पुढे निळं, आणि पाण्याच्या कडेने खाऱ्या पाण्यावरच्या माश्यांचा काळा पट्टा. साडेसहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत त्याला धाप लागत होती.

अनिका, त्याची नात, या उन्हाळ्यात इथल्या चिखल्या पक्ष्यांची घरटी मोजत होती. घरट्यांसाठी लोकांना बंद ठेवलेल्या या भागात त्याला तिने स्वतःच्या जबाबदारीवर आणलं होतं. गाडीतून उतरतानाच बजावलं होतं, "आजोबा, प्लीज, खायचं काही बाहेर काढू नका. एक क्रम्बसुद्धा नाही. रेव्हन येतात, ते मोठे कावळे."

कावळा आला. सुलेखाच हाकेला आल्यासारखा लगेच आला. जगन्नाथचे डोळे भरले.

घास संपवून तो काळा पक्षी उडाला नाही. चालत, मान वाकडी करत, तो घरट्याच्या खुणेसाठी रोवलेल्या काठीजवळ गेला. चिखल्याची मुठीएवढी मादी त्याला भुलवून दूर न्यायला पंख ओढत त्याच्यापुढे लंगडू लागली. तिच्याकडे कावळ्याने पाहिलंही नाही. जगन्नाथने हातातली काठी उगारली, धावायला गेला आणि गुडघ्यावर पडला. दुसराही कावळा आला. थोड्याच वेळात घरट्याच्या खळग्यातली तिन्ही अंडी गेली होती.

अनिका पुढची घरटी मोजून परतली तेव्हा तो दगडावर बसला होता. ती खळग्यापाशी बराच वेळ उकिडवी बसून राहिली.

"आजोबा, इथे काही खाल्लंत का तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

तिने जमिनीवर पाहिलं. चार शितं राहिली होती. तिने बुटाने त्यांच्यावर माती लोटली, हलकेच, आणि त्याच्याकडे न बघता गाडीकडे चालू लागली.

गाडीत तिने त्या घरट्याचा फॉर्म भरला. जगन्नाथने चष्म्यातून तिरकं पाहिलं. अंडी जाण्याचं कारण: अननोन.

तिने किल्लीला हात घातला. त्याने फॉर्मवर हात ठेवला.

"ते खोड, अनिका. भात मी ठेवला. आजीसाठी."

"आय नो. इट्स ओके, आजोबा."

"ओके नाही."

"मग काय लिहू, आजीला भूक लागली होती?" ती हसायला गेली, पण जमलं नाही.

"माझं नाव लिही."

तिने काचेबाहेर पाहिलं. मादी परत आली होती, रिकाम्या खळग्याभोवती फिरत होती. मग अनिकाने तो शब्द खोडला आणि लिहू लागली. तिचं लिहून झाल्यावर त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. इंग्रजीत दोन ओळी होत्या. पहिलीत, माणसाने टाकलेल्या अन्नामुळे. दुसरीत त्याचं नाव नव्हतं. तिथे होतं: माझे आजोबा. त्यांना आत मी आणलं होतं.

"हे तुझ्या साहेबांना दिसेल," तो म्हणाला.

"हो."

"पुढच्या वर्षी या कामावर घेतील ना तुला?"

तिने गाडी सुरू केली. डबा त्याच्या मांडीवर होता. झाकण नीट लागत नव्हतं, तो ते दाबत राहिला.