तीन नंबरची चकती

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फळा आहे. फुटबॉलच्या एका संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत, न्हाणीघराचा दरवाजा आणि गणवेशांचे कपाट यांच्यामधल्या भिंतीवर मी बावीस वर्षे टांगलेलो आहे.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला हिरवा रंग देऊन वर पांढऱ्या रेषा ओढल्या. त्याने आयुष्यात सामना पाहिला नव्हता. त्यामुळे माझ्या एका गोलपुढची चौकट दुसरीपेक्षा चार बोटे मोठी आहे. माझ्याबरोबर पत्र्याच्या अठरा गोल चकत्या आल्या. प्रत्येकीवर खेळाडूचा नंबर, पाठीमागे लोहचुंबक.

संघाच्या प्रशिक्षकांना सगळे ‘सर’ म्हणत. त्यांची एक पद्धत होती. दर शुक्रवारी संध्याकाळी ते सगळ्या चकत्या काढून डबीत टाकत, मला फडक्याने पुसत आणि रिकाम्या मैदानाकडे बराच वेळ पाहत बसत. मग एकेक चकती लावत. “रिकामं दिसलं की खरं दिसतं,” असे ते म्हणत. त्या काळात संघ जिंकत होता. आलेला पाहुणा माझ्यासमोर उभा राहून फोटो काढून घेई. मी फुगून गेलो होतो, हे कबूल करतो.

गेल्या हंगामात मात्र चक्रे उलटी फिरली. साखळीतले तेरा सामने झाले. दोन जिंकले, तीन बरोबरीत सुटले, आठ हरले. एकतीस गोल खाल्ले. त्यांतले चोवीस आमच्या डाव्या बाजूने आले. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही तरणार होतो. हरलो तर खालच्या गटात जाणार होतो, आणि खालच्या गटातला संघ पोसायचा नाही, असे संस्थेच्या अध्यक्षांनी सांगून टाकले होते.

सर हातात यादी घेऊन माझ्यासमोर उभे राहत आणि माणसे मोजत. गोलरक्षक छत्तीस वर्षांचा, दोन हप्त्यांत खाली वाकणारा. पुढच्या फळीतल्या खेळाडूचे हंगामात दोनच गोल, त्यांतला एक चेंडू पाठीला लागून गेलेला. राखीव खेळाडूंपैकी दोघे बरे, पण सामन्याचा अनुभव शून्य. डाव्या बचावाला तीन नंबरचा ‘कुलूप’. तो कुलपे दुरुस्त करण्याचे काम करतो आणि एके काळी त्याला ओलांडून कोणी जात नसे, म्हणून हे नाव.

“सगळे डावीकडूनच का येतात?” सर एकदा मोठ्याने म्हणाले. “आपला डाव त्यांना कळतो कसा? घरचाच कोणीतरी फोडतोय.”

झाले. त्या दिवसापासून खोलीत कोणी कोणाकडे सरळ पाहीना. सरांनी माझ्यावर जुनी चादर टाकली. न्हाणीघराची वाफ चादरीखाली कोंडू लागली आणि मी अंधारात कुजू लागलो. मीही संशय घेण्यात मागे नव्हतो. गणवेश धुणाऱ्या मावशी चादर उचलून भिंत पुसत, तर मला वाटे, यांना एवढी स्वच्छता कशाला सुचते? गोलरक्षक खोकला तरी मला ती खूण वाटे.

पण माझा खरा संशय सहा नंबरवर होता. तो मधल्या फळीत खेळे. चौतीस वर्षांचा, अबोल. शेवटचा सामना ज्या संघाशी होता, त्या संघाचा प्रशिक्षक त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. म्हणून सगळे त्याला ‘मेहुणा’ म्हणत. आधी थट्टेने, मग दात खाऊन.

सराव संपून सगळे गेले की मेहुणा एकटा मागे राही. तो चादर वर करी आणि माझ्या डाव्या बाजूला बोटे फिरवी. एकदा त्याच वेळी त्याचा फोन वाजला. “हां दाजी,” तो हळू आवाजात म्हणाला. “शनिवारी की रविवारी, नक्की सांगा.” मला वाचा असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

शेवटच्या शुक्रवारी सर अचानक खोलीत परत आले. चादर वर होती. मेहुण्याच्या हातात बोथट सुरी होती. मागून कुलूप आणि मावशीही दारात येऊन थांबले.

“काय चाललंय हे?” सरांनी विचारले.

“चकती काढतोय.”

“आणि दाजींशी फोनवर काय बोलतोस रोज? पोरं सांगतात मला.”

“ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे सर. तारीख विचारतो.” मेहुण्याचा आवाज चढला. “माझ्यावर पाळत ठेवण्यापेक्षा हिच्यावर ठेवायची होती! पंधरा दिवस झटतोय, ही तीन नंबरची निघतच नाही.”

सर पुढे आले. त्यांनी नखाने ओढून पाहिले. चकती हलली नाही. मग त्यांना आठवले. मलाही आठवले. हंगामाच्या सुरुवातीला ती चकती निघेना, तेव्हा “राहू दे, तीन नंबर आहे तिथं ठीक आहे” असे म्हणून त्यांनी उरलेल्याच काढल्या होत्या. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्यांचे रिकामे मैदान त्यानंतर एकदाही रिकामे झाले नव्हते. मी मात्र फितूर शोधत होतो, आणि तो फितूर गंज होऊन माझ्याच अंगावर चढत होता.

मावशींनी शिवणयंत्राचे तेल आणून चार थेंब सोडले. “सरका, पुरुषांनी नुसती ताकद लावायची,” म्हणत त्यांनी अंगठ्याने चकती फिरवली. ती निघाली. खाली तांबूस गंजाचे गोल कडे उरले.

कुलूप ते पाहत राहिला. “सर, माझा गुडघा गेलाय,” तो म्हणाला. “पहिल्या सामन्यापासूनच.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही काढत नव्हतात. मला वाटलं, तुमचा विश्वास आहे.”

सरांनी सगळ्या चकत्या डबीत टाकल्या, मला पुसले आणि खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मेहुण्याला विचारले, “तू उभा राहशील तिथं?”

“धावणं आता जमत नाही. उभं राहणं जमेल.”

सहा नंबर डाव्या बचावाला गेला. मधल्या फळीत राखीव खेळाडूंतला एक जण आला.

सामना मी पाहिला नाही. झडपेतून फक्त आवाज येत होते. पहिला गोल आम्ही खाल्ला, तोही उजव्या बाजूने. शेवटच्या पाच मिनिटांत मोठी आरोळी उठली. कोणाची, ते मला कळेना. मग चिखलाचे बूट आत आले. बरोबरी! पुढच्या फळीतल्याच्या पाठीला लागून पुन्हा एकदा चेंडू आत गेला होता.

दाजी हात मिळवायला खोलीत आले. “डावा बचाव बदललात? आम्ही आठवडाभर कुलपाच्या बाजूनेच सराव केला.”

सरांचे डोळे बारीक झाले. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? तिकीट काढून बघतो ना प्रत्येक जण,” दाजी म्हणाले. “काय मेहुणे, ताई वाट बघतेय. चला.”

मेहुणा निघाला. सरांनी त्याची पिशवी उचलून दारापर्यंत नेली. माफी त्यांना तेवढीच मागता आली.

मित्रांनो, माझ्यावरची चादर आता काढली आहे. कुलूप नव्या खेळाडूंना बचाव शिकवतो. त्याने स्वतःच्या दुकानात पत्रा कापून दोन कोऱ्या चकत्या केल्या आहेत. त्यांवर अजून नंबर नाहीत. संघाची आशा सध्या तेवढीच आहे, आणि ती फार आहे असे मी म्हणणार नाही.

तुमच्याही घरात, वर्गात माझ्यासारखे काही टांगलेले असेल. ते झाकून ठेवू नका, पुसत जा. आणि काही बिघडले तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी, बरेच दिवस न हललेली वस्तू एकदा उचलून पाहा. माझ्या डाव्या बाजूचे गंजाचे कडे काही गेलेले नाही. दर शुक्रवारी सर तिथे चकती लावतात, लगेच काढतात, आणि मगच पुन्हा लावतात.