माहुलीचा काठ

बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वर्षी मनकर्णाच्या पोटात असलेली वच्छला लग्नाला आली, ते साल पंचाहत्तर. दारी मांडव पडायचा होता आणि त्याच आठवड्यात कन्हान नदीच्या काठावरच्या वेली तोडायचा जंगलखात्याचा हुकूम आला.

काठावर कहू, जांभूळ, करंज दाटीनं उभे. मांडीएवढ्या जाड माहुलीच्या वेली त्यांच्या अंगाखांद्यावरून या झाडाच्या त्या झाडावर गेलेल्या. भर वैशाखातही आत गार लागायचं. वेली इमारती झाडं वाढू देत नाहीत, असं वरच्यांचं म्हणणं. पण पलीकडच्या काठावरची माहुल तुटली आणि पुढच्याच पुरात तो काठ वावरासकट नदीत गेला, हे मनकर्णानं डोळ्यांनी पाहिलं होतं. अलीकडे तिचं वावर होतं.

चंपतराव पाटलांनी तोडगा काढला. कहूच्या बुंध्याशी धोंडा मांडला, शेंदूर फासला, नारळ फोडला. रेंजरसाहेब आले. माणूस भला. तिथंच उभ्या मनकर्णाला त्यांनी विचारलं.

"देवाचं रान असेल तर मी हात लावत नाही. बाई, किती जुना देव?"

"आज सकायचा हाय साहेब. शेंदूर ओलाच हाय."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "अवं मनकर्णे, गप राह्यली असती तं तोंड झिजलं असतं का तुहं?"

"पाटील, आमी देव नदीत सोडले त्याले एकोणीस वर्सं झाली. आता रानापायी खोटा देव कबूल करू? उद्या तुमीच म्हनान, देवाच्या रानात तुह्या लोकायनं पाय ठेवू नोका."



"मग तोडावं लागेल," म्हणत साहेबांनी गडी पुढे बोलावले. सगळे मनकर्णाच्या वस्तीतलेच. मुकादम तिचा धाकटा दीर, जयवंता.

"वहिनी, बाजूले हो. माह्यं पोट हाय यावर."

"तोड ना गा, काहून थांबला? फक्त येवढं आयक. ज्याच्या कुऱ्हाडीनं वेल पडन, त्याले माह्या मांडवात पत्रावळ नाही. मंग तो पोरीचा काका का असेना."

"हे तं वायीत टाकनं झालं," मागून कोणी म्हणालं.

"हो. आन् ते कसं लागते, आपल्याले कोनी शिकवाची गरज नाही."

माहुलीच्याच पानांच्या पत्रावळी होत्या त्या, मनकर्णानं महिनाभर बसून लावलेल्या. जयवंतानं कुऱ्हाडीच्या दांड्यावर अंगठा घासला. वच्छलाला त्यानं खांद्यावर खेळवली होती. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली नि घरची वाट धरली. बाकीचे त्याच्यामागं निघाले.

लग्न पार पडलं, तसे साहेबांनी बाहेरगावचे मजूर आणले. वरच्या वळणावरची माहुल त्यांनी तोडली. खालच्या वळणावर, मनकर्णाच्या वावराशी, वस्तीतल्या बाया रोज वेलींच्या वेटोळ्यांत जाऊन बसायच्या, पानं लावत, मजुरांना शिव्या देत. पाटलांची सूनही यायची. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मजूर निघून गेले. खालचा काठ राहिला.

जयवंताची मुकादमी गेली. तो नागपूरला लाकूड कापायच्या आरामशीनवर लागला आणि एकोणऐंशीच्या पावसाळ्यात काविळीनं वारला. मनकर्णा चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, आपल्या घरी वारली.