डावा गाल

"आता?" बायकोने विचारलं.

"आता आला," डोळे मिटून बसलेले काटेवाले म्हणाले.

तिच्या हातातलं वर्तमानपत्र तसूभरही हललं नव्हतं. दारंखिडक्या बंद, पंखा बंद. गेले चार महिने रोज सकाळी ती त्यांच्या डाव्या गालाला कागदाने वारा घालत होती आणि जे खरं असेल तेच सांगत होती. पण आज शर्यत होती. नवरा शर्यतीचा शर्ट घालून परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" असं म्हणून ते उठले, आणि तिला पुढे एक अक्षर बोलू न देता बाहेर पडले.

काटेवाले म्हणजे दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करणारे. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. हात हलका, अंगही हलकं, सारं मिळून बावन्न किलो. पण स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. काटा जरा आमच्या बाजूने ठेवा, असं एखाद्या दुकानदाराने हसत जरी सुचवलं, तरी हत्यारं पिशवीत भरून चालते व्हायचे. एवढं करून आयुष्यात त्यांना स्वतःचं असं काय मिळालं, तर तळ्यावरच्या एका कॅटमरानवरची पुढची जागा.

दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणलेलं कापड, एक डोलकाठी आणि दोन माणसं. मागे सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर धरून बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मेहुणा. तो दंतवैद्य. पुढे लहान शीड सांभाळत काटेवाले. बावीस वर्षं ही जोडी फुटली नव्हती.

जोराच्या वाऱ्यात कुठलंही गाढव होडी पळवतं, असं काटेवाले म्हणायचे. खरी कसोटी वारा नसल्यासारखा असतो तेव्हा. लोक घाबरतात, शिडं करकचून आवळतात आणि होता नव्हता तो वाराही गुदमरवून टाकतात. अशा वेळी ओढायचं नसतं, सोडायचं असतं. आणि बसायचं कसं, तर झोपलेल्या तान्ह्या बाळाशेजारी बसतो तसं. झुळूक कुठून येतेय हे बाकीचे शिडावर बांधलेल्या लोकरीच्या धाग्यांवरून ओळखायचे, काटेवाले गालावरून. तळं आरशासारखं पडलेलं असताना ते हलकेच म्हणायचे, "उजवीकडून येतोय," की दंतवैद्य काही न विचारता होडी वळवायचा. वारा यायचाच.

चार महिन्यांपूर्वी काटेवाल्यांच्या मेंदूतली एक बारीक नस बंद पडली. हात वाचला, पाय वाचला, जीभ वाचली. गेला तो डावा गाल. दिसायला अगदी जागच्या जागी, पण विस्तव ठेवला तरी कळणार नाही असा. सहा आठवड्यांत आलं ते आलं, पुढे आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. थोडक्यात निभावलं, असं कोणीही म्हटलं असतं; पण काटेवाल्यांनी कोणाला कळूच दिलं नाही. बायकोला शपथ घातली. मेहुण्याला साधा ताप म्हणून सांगितलं. तो तर दिवसभर लोकांचे गाल बधिर करणारा माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार? म्हणून ते त्याला कायम आपल्या उजव्या हाताला ठेवून उभे राहायचे. त्याला कळलं असतं तर होडीतली जागा गेली असती, आणि ती गेल्यावर मागे नुसते वजनकाटे उरले असते.

आजची शर्यत हंगामातली शेवटची. एवढी निभावली की वर्षभर कोणी विचारणार नव्हतं.

नऊ होड्या निघाल्या. जाताना वारा उजवीकडून होता. उजवा गाल शाबूत होता, आणि बघता बघता काटेवाल्यांनी होडी सगळ्यांच्या पुढे काढली. तरंगत्या खुणेला वळसा घातला आणि वारा डावीकडे आला. सरावात अशा वेळी ते मान पार वळवून उजवा गाल वाऱ्यासमोर धरायचे. मेहुण्याने विचारलं तर मान आखडलीय म्हणायचे. आज त्यांनी मान वळवली नाही. सकाळचं ते "बरोबर" डोक्यात होतं.

"भाऊजी," मागून मेहुणा म्हणाला, "डावीकडचं पाणी काळं दिसतंय, वाऱ्याने शहारल्यासारखं. येतोय का?"

लोकरीचे धागे शिंतोड्यांनी भिजून शिडाला चिकटले होते. काटेवाल्यांनी डावा गाल पुढे केला आणि वाट पाहिली. काही नाही.

"नाही," ते ठामपणे म्हणाले. "वारा पडलाय. दोर सैल सोड आणि हलू नकोस."

मेहुण्याला समोर दिसत होतं ते पाणी काळंच होतं. पण बावीस वर्षांच्या शब्दापुढे त्याने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. दोर सोडला आणि न हलता बसला.

मग मोठं शीड सळसळलं. काटेवाल्यांच्या हातातलं लहान शीडही फडफडलं. मेल्या कापडाला कळलं, पण त्यांना कळलं नाही. दोर गोळा करेपर्यंत डावीकडून एक होडी गेली, मग दुसरी, मग तिघी एकदम. थांबलेली कॅटमरान पुन्हा चालायला लागायची म्हणजे रुसलेल्या माणसाला जेवायला बसवण्यासारखं. तेवढ्यात आणखी दोघी पुढे गेल्या. नऊ होड्यांत ते आठवे आले. येईपर्यंत काटेवाल्यांची मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

काठावर दोघे समोरासमोर उभे राहून शीड गुंडाळू लागले. एक माशी आली आणि काटेवाल्यांच्या डाव्या गालावर बसली. मेहुणा बघत राहिला. माशी गालावरून चालत ओठाच्या कोपऱ्याशी आली, थांबली, पाय चोळत बसली. काटेवाले शिडाची सुरकुती काढत होते.

मेहुण्याने हातातलं टोक खाली ठेवलं, पुढे येऊन माशी हाताने उडवली.

"माशी होती," तो म्हणाला.

काटेवाल्यांचे हात थांबले.

"किती दिवस झाले, भाऊजी?"

"चार महिने."

दोन तासांत जाईल हं बधिरपणा, असं रोज वीसजणांना सांगणारा तो दंतवैद्य. आज तो म्हणाला, "पुढच्या वर्षी..."

"दुसरं कोणी बघ," काटेवाले म्हणाले. "पन्नाशीच्या आतलं. किलो म्हणतोय, वय नव्हे."

दोघांनाही हसू आलं नाही. शीड गुंडाळून झालं.

"ताईला माहीत आहे?"

"तीच तर रोज वारा घालून बघते." काटेवाल्यांनी दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. "तिने विचारलं तर सांग, आज वारा पडला होता. तेवढंच सांग."

मेहुण्याने मान डोलावली. शिडाची पिशवी बावीस वर्षं काटेवाले खांद्यावर घ्यायचे, आज ती त्याने उचलली. त्यांनी मागितली नाही. चपला झटकून पायात घातल्या, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच मेहुण्याला डाव्या हाताला घेऊन ते घराकडे चालू लागले.