कडी जिथे थांबली

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर खडूने कुणी एक अक्षरही लिहिलेले नाही. माझ्या अंगावर एक नकाशा चिकटवलेला आहे आणि त्याला जागोजागी भोके आहेत. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास वाळवीचे नाव घेतो. मला त्याचा राग येतो. ती भोके सुताराने गिरमिटाने, मोजूनमापून पाडली आहेत. हे कुणीतरी सांगायला हवे, म्हणून आज मीच तोंड उघडतो आहे.

मला करवून घेणारे अप्पा औषधांचे घाऊक व्यापारी होते. कंपन्यांकडून औषधांची खोकी आणायची, साठवायची आणि गावोगावच्या दुकानांना, दवाखान्यांना पोचवायची, हा त्यांचा धंदा. गोदाम कुठे बांधावे, या प्रश्नाने त्यांची झोप उडाली होती. एका टोकाला बांधले तर दुसऱ्या टोकाच्या फेऱ्यांनी गाडीचे आणि चालकाचे, दोघांचेही कंबरडे मोडणार.

म्हणून माझा जन्म झाला. नकाशावर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जागी एक भोक, आणि प्रत्येक भोकातून एक दोरा. वरच्या बाजूला सगळ्या दोऱ्यांची टोके पडद्याच्या एका पितळी कडीला बांधलेली. मला दोन स्टुलांवर आडवे ठेवायचे आणि खाली लोंबणाऱ्या टोकांना लोखंडी नट बांधायचे. ज्याला जास्त माल लागतो, त्याच्या दोऱ्याला जास्त नट. मग कडी सोडून द्यायची. सगळे दोरे तिला आपापल्याकडे ओढत, आणि ओढाताण मिटून ती जिथे थांबेल तिथून माल पोचवायला एकूण धावपळ सर्वांत कमी. दोरे अडू नयेत म्हणून अप्पा भोकांना मेण चोळत. कडी थांबली तरी त्यांचा लगेच विश्वास बसत नसे. ते माझ्या पाठीवर टिचकी मारत. कडी उगीच कुठे अडकून बसली असेल, तर टिचकीने पुन्हा हलते.

पहिल्याच दिवशी कडी नेमकी तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. सुताराने गंभीर चेहऱ्याने विचारले, होडी करायला घेऊ का? अप्पा पोट धरून हसले. कडीला पाणी कळत नाही, रस्ता कळत नाही, ते माणसाने पाहायचे असते. मग तळ्याकाठी, रस्त्याला लागून, कडीपासून सर्वांत जवळच्या जागी गोदाम उभे राहिले आणि मी त्याच्या कचेरीत विराजमान झालो.

ती माझ्या मानाची वर्षे होती. अप्पांची मुलगी, ताई, खरेदी पाहू लागली आणि तिचा धाकटा भाऊ गाड्या. दोघांचे रोज वाजायचे. ताईला एखादे औषध स्वस्तात मिळाले की ती ट्रकभर उचलायची आणि धाकटा कपाळाला हात लावून विचारायचा, हे ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर? मग त्याने खोकी जिन्याखाली रचली की ताई ओरडायची, कारण तिला हवे ते खोके नेहमी सर्वांत खाली असायचे. अप्पा दोघांनाही चहा देत. पाहुणे आले की मात्र तिघेही आधी मला दाखवत.

धंदा वाढला. मोठ्या रस्त्याकडची वस्ती फुगली आणि जुने गोदाम अपुरे पडू लागले. नव्या जागेसाठी मला पुन्हा स्टुलांवर चढवले गेले. अप्पांचे हात आता थरथरत होते, म्हणून नट बांधायचे काम धाकट्याने केले. सरत्या वर्षात कुणी किती माल उचलला, ते ताई सांगत होती आणि तो बांधत होता. डोंगरावरच्या दवाखान्याची पाळी आली. ताई म्हणाली, त्यांनी जवळजवळ काहीच मागवलेले नाही. धाकट्याने तो दोरा तसाच मोकळा सोडला.

मला ते लागले. दोरा मोकळा असला की माझ्या अंगाचा तेवढा भाग बधिर होतो. पण फळ्याला कोण विचारतो? कडी सरसर मोठ्या रस्त्याकडे गेली. टिचकी मारली तरी ढिम्म. जागा जवळजवळ ठरली. डोंगराकडची फेरी परवडत नाही, ती आता बंदच करू, असे धाकटा म्हणाला.

त्याच आठवड्यात डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई खाली आल्या. त्यांच्या हातात औषधे थंड ठेवायचा निळा खोका होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, रुमालाने पुसला आणि म्हणाल्या, "तुमचा खोका परत करायला आले. आता लागणार नाही."

ताईला वाटले, दुसरा व्यापारी मिळाला असेल. तिने तसे विचारलेही. नर्सबाई भांडायला आलेल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितले की तळ्यापासून वर पोचेपर्यंत खोक्यातला बर्फ वितळून जातो. इन्सुलिन कोमट झाले की टोचायचा धीर होत नाही. कितीदा तरी सगळे फेकून दिले. शेवटी मागवणेच सोडले. ज्यांना झेपते ते बस धरून खाली येतात. शाळेच्या म्हाताऱ्या मास्तरांना झेपत नाही. त्यांच्या पायाची जखम आता भरत नाही, आणि ते रोज विचारतात, औषध आले का?

"पण तुमची मागणीच नव्हती," धाकटा म्हणाला.

"मागवत नाही म्हणजे लागत नाही, असं कुठंय?"

ताई माझ्याकडे पाहत राहिली. ज्यांना माल धड पोचत होता त्यांचीच ओढ आपण मोजली, आणि ज्यांना पोचत नव्हता त्यांना गरजच नाही असे धरून चाललो, हे तिच्या ध्यानात आले असावे. तिने नटांचा डबा नर्सबाईंपुढे सरकवला. वर जेवढ्यांना औषध लागते तेवढे नट तुम्हीच बांधा, असे ती म्हणाली.

नर्सबाई खाली बसल्या. त्यांनी नट ओवले आणि जखमेवरची पट्टी बांधतात तशी घट्ट, नीटस गाठ मारली. कितीतरी दिवसांनी तो दोरा ताणला गेला. मला इतके बरे वाटले की काय सांगू!

कडी मात्र नखभरच सरकली.

धाकट्याने सुस्कारा सोडला. एवढ्याशा फरकाने नवे गोदाम डोंगराजवळ जाणार नव्हते आणि ते खरेच होते. मोठ्या रस्त्याकडची माणसेही आजारी पडतात. नर्सबाई उठल्या आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून अप्पा म्हणाले, "कडी एक आहे म्हणून गोदामही एकच हवं, असं कुणी सांगितलं?"

त्यांनी खिडकीच्या पडद्याची एक कडी काढायला लावली आणि ती नकाशावर घाटाच्या पायथ्याशी ठेवली. मोठे गोदाम मोठ्या रस्त्यावरच राहू दे, इथे एक खोली आणि एक फ्रीज पुरे. ताईने लगेच होकार दिला, इन्सुलिन ती थोडे थोडे पण वरचेवर मागवणार होती. पण पायथ्यापासून वर ते नेणार कोण? आता धाकट्याची पाळी होती. तो बराच वेळ नखे चावत बसला. मग त्याला दुधाची गाडी आठवली. ती रोज डोंगरावरून दूध घेऊन खाली येत होती आणि वर जाताना रिकामी जात होती. त्याने तिथल्या तिथे दूधवाल्याला फोन लावला. खोका मांडीवर ठेवून नेईन, पण गाडीत तंबाखू खायला मनाई करू नका, एवढीच दूधवाल्याची अट होती.

नर्सबाई निळा खोका पुन्हा उचलून घेऊन गेल्या. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे कचेरीत संगणक आला आणि माझे दिवस फिरले. धाकट्याने माझे नट एकेक करून गाड्यांच्या दुरुस्तीला वापरले. काही काळ मी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडून होतो. ओल लागून माझ्यावरचे तळे खरेच ओले झाले, पण हसायला अप्पा राहिले नव्हते. शेवटी ताईनेच मला पाहिले, पदराने पुसले आणि पायथ्याच्या त्या खोलीत, फ्रीजच्या वर टांगले.

मित्रांनो, तुम्ही कधी आलात तर माझ्याकडे नीट पाहा. माझ्या सगळ्या दोऱ्यांचे नट गेले, फक्त नर्सबाईंचे राहिले. त्यांची गाठ कुणाला सुटलीच नाही. ओढणारे दुसरे कुणी उरले नाही, त्यामुळे पितळी कडी आता थेट डोंगरावरच्या दवाखान्यापाशी जाऊन टेकली आहे. संध्याकाळी दूधवाला खोका न्यायला येतो, जाता जाता मला टिचकी मारतो आणि मास्तरांनी नमस्कार सांगितल्याचे फ्रीजला सांगतो. कडी हलत नाही.

माझी धूळ अधूनमधून पुसा, एवढेच माझ्यासाठी मागतो. आणि तुमच्या हाती कधी नट बांधायचे काम आले, तर एखादा दोरा सैल दिसला म्हणून तो तसाच सोडू नका. आधी त्याच्या टोकाला जा आणि तिथे कोण वाट पाहत बसले आहे ते बघून या.